एका कॅसेटला एक गळा

शिरूर-दौंडकडे कुणी हवापालटासाठी जात नाही. मीही गेलो नव्हतो. एका माणसाची कागदावर सही घ्यायला गेलो होतो, आणि त्या माणसावर माझा नऊ वर्षांचा राग होता. तेव्हा धबधबे आणि देवळं शोधणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

माझा धंदा कॅसेटचा. पुण्यात मंडईजवळ फुटपाथवर चादर पसरून सुरुवात केली. मग गाळा घेतला, मग स्वतःच्या नावानं कॅसेटी काढायला लागलो. शिक्षण चौथी. गाणं मला कळत नाही, खपेल काय ते कळतं, आणि त्यावर दोन मुलींची लग्नं केली. कुणाच्या बापाची मदत घेतली नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास दौंडचा गौतम माझ्याकडे आला. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा. रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिश्चन ड्रायव्हरकडून गिटार शिकला होता. गाणी स्वतः लिहायचा, चाल स्वतः लावायचा, म्हणायचाही स्वतःच. सिनेमाची नाहीत, लावणी नाही, भीमजयंतीचीही नाहीत. आई रुळावर कोळसा वेचते त्याचं गाणं. भोंग्याचं गाणं. मी त्याची एक कॅसेट काढली आणि ती बरी चालली. दुसरीच्या वेळी मी सांगितलं, आठ गाणी जयंतीची पाहिजेत, नाचता येईल असा ठेका पाहिजे, उरलेल्या जागेत तुझं काय ते म्हण. तीन दिवस स्टुडिओ घेतला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत या पठ्ठ्यानं गिटार खांद्याला लावली, बरोबर आलेल्या बायकोला उठवलं आणि दुपारची पॅसेंजर पकडून गाव गाठलं. निरोप नाही, भांडण नाही. भांडला असता तर मला समजलं असतं.

नऊ वर्षांनी, सीडीनं माझा गाळा रिकामा करत आणल्यावर, मुंबईहून एक जण आला. कुणाच्या तरी गाडीत त्यानं गौतमची जुनी कॅसेट ऐकली होती. म्हणाला, या माणसाची चौदा गाणी द्या, सीडी काढू. गौतमचा गळा गेलाय असं मी ऐकून होतो, म्हणजे नवीन रेकॉर्डिंग होणार नव्हतं. पण मधल्या वर्षांत तो गावोगाव आपल्या कॅसेटी देत फिरला होता. त्या गोळा करायच्या आणि शेवटी दौंडला जाऊन सही घ्यायची, असा माझा बेत. जानेवारी संपत होता. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये एका कॅसेटीवरून दुसरी भरायचा डबल डेक ठेवला, हेडफोन ठेवला आणि देवाणघेवाणीसाठी कीर्तनाच्या व सिनेमाच्या नव्या कॅसेटींची दोन खोकी घेतली. आपली एक जुनी कॅसेट देऊन नव्या दोन घेणार नाही असा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

शिरूर

इथं पहिलाच तसा भेटला. बाजारपेठेत एका बोळाच्या तोंडाशी बसणारे आप्पा शिंपी, गौतमचे जुने चाहते म्हणून मला त्यांचा पत्ता मिळाला होता. मी दोन नव्या कॅसेटी पुढे ठेवल्या. त्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"नाव काय म्हनला तुमचं?"

मी सांगितलं.

"म्हंजी तुम्हीच व्हय ते पुन्याचं शेठ!" आप्पा मशीन थांबवून हसले. शेजारच्या चहावाल्याला हाक मारून म्हणाले, "आरं, ह्ये बघ, ज्यांच्यामुळं गौतम आपल्या दारात आला ते शेठ. चहा आन. साखर कमी घाल, मानूस आधीच तापल्यालं दिसतंय."

आप्पांनी कॅसेट लावली. सुरुवातीला गौतमचा आवाज आला, "ही कॅसेट शिरूरच्या आप्पांसाठी. बाहेर मशीन चालू हाय, ती चालू राहू द्या, तिच्या ठेक्यावर म्हनतो." आणि खरंच, सगळ्या गाण्यामागून शिलाई मशीन चालत होती.

मला आधी वाटलं हे एकाच कॅसेटीपुरतं असेल. दुपारी शिरूरमधल्याच बौद्ध वस्तीत एका शाळामास्तरांकडे दुसरी ऐकली. तेच गाणं, पण चाल संथ, एक कडवं जास्त, आणि सुरुवातीला मास्तरांच्या घरातल्या सगळ्यांची नावं. तिसऱ्या घरी तिसरंच. तेव्हा उलगडा झाला. गौतम कधी कॅसेटीवरून कॅसेट भरतच नव्हता. एम-एटी मोपेडवर टेपरेकॉर्डर बांधून यायचा, घरात बसायचा, कोण कोण आहे विचारायचा आणि प्रत्येक घरासाठी पूर्ण एक तास नव्यानं गायचा. एका कॅसेटला एक गळा. माझ्या धंद्याला याच्याइतकी मोठी शिवी मी ऐकलेली नाही. एकदा गायचं आणि हजार वेळा विकायचं, यावर आम्ही जगतो.

"म्या म्हनलो त्याला," संध्याकाळी परत गेलो तेव्हा आप्पा सांगत होते, "आरं, एकदा गा आन् बाकीच्या उतरवून दे, कशाला घसा फोडतो? तर म्हनला, आप्पा, पाव्हन्याला शिळी भाकर वाढत्यात का?"

कॅसेट द्यायला ते तयार झाले नाहीत. दोनाच्या चार केल्या, चाराच्या दहा केल्या. शेवटी म्हणाले, "हितंच बसा, उतरवून घ्या. तिला उंबऱ्याभायेर न्यायची न्हाई." मग काय, तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो. तेवढ्यात त्यांच्या घरून मटकीची आमटी आणि बाजरीची भाकरी आली. आमच्या पुण्यात आधी काम विचारतात आणि मग पाणी, तेही विचारून. इकडे आधी पोटभर वाढतात आणि मग अपमान करतात. माणूस उठून जाऊ शकत नाही.

त्या आमटीबरोबर कोळशाचं गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं. पहिल्या कॅसेटीत मीच ते विकलं होतं, पण ऐकलं नव्हतं.

*गाडी थांबली दौंडाला, पानी प्याली, निघून गेली*
*माय माझी रुळामधी, राख चाळीत तशीच ऱ्हायली*

आप्पांची मशीन त्या वेळी बंद होती. कॅसेटीतली चालू होती.

मांडवगण फराटा

दुसऱ्या दिवशी मांडवगणला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच शेवंतीचे पिवळे पट्टे. फुलं करणारे एक मामा होते, त्यांच्या वस्तीवर उतरलो. वीज नव्हती. मी डेक व्हॅनच्या बॅटरीवर लावला. दारात फुलांची पोती भरायचं काम चालू होतं, ते थांबवून सगळे व्हॅनभोवती जमले.

कॅसेट मजेत चालली होती. तिसरं गाणं ऐन रंगात आलं असताना गौतम कडव्याच्या मध्येच तुटला आणि एक बकरी ओरडायला लागली. नंतर मामांचा आवाज, "चालू झालं का गं?" पुन्हा बकरी. मग गौतम, पुढच्या कडव्यापासून.

कुणीच हसलं नाही. मामा खाली बघत होते.

"म्याच दाबलं ते लाल बटन," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. नवा टेप आनला व्हता, बगत व्हतो कसं चालतंय. त्याच्या दोन वळी गेल्या."

मामी तिथंच फुलं निवडत बसल्या होत्या. "त्या दिसापास्नं टेपाला हात लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्या म्हन्ते, बकरीबी ग्वाड वरडलीया."

मी मामांना कॅसेट काढून दाखवली. पाठीच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकची छोटी पानं असतात. स्क्रू-ड्रायव्हरनं ती मोडली की लाल बटण दबतच नाही, त्या कॅसेटीवर परत काही भरता येत नाही. कॅसेटवाल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. शिरूरमध्येही मी घरोघर ती मोडून आलो होतो. मामांच्या कॅसेटीची मोडली तेव्हा त्यांनी ते दोन तुकडे उचलून खिशात टाकले.

"आधी कुनी सांगितलं असतं तर," ते म्हणाले.

तेवढ्यात मामींनी विचारलं, "शेठ, रत्नाचा आवाज कुठल्या कॅसेटीत हाय वं? आमच्यात न्हाई."

रत्ना म्हणजे गौतमची बायको. मी म्हणालो, असेल कुठल्यातरी.

"कुठल्यातबी न्हाई. ती यायची त्याच्यासंगं. शेजारी बसायची. त्यो गायला की हिचं व्हट हलायचं, पर आवाज न्हाई. म्या म्हनले, तूबी म्हन की गं. तर म्हनली, माझा आवाज कच्चा हाय मामी, पुन्याच्या शेठनी सांगितलंय."

मामींनी माझ्याकडे पाहिलं नाही, शेवंतीकडे पाहिलं. मी तावातावानं म्हणालो, "धंद्यात सांगावं लागतं! आवाज कच्चा असेल तर कच्चाच म्हणायचं!" आणि ते त्या अंगणात फार मोठ्यानं आलं.

तेव्हा इथं सांगून टाकतो, कारण पुढं समजायला ते लागेल. तिसऱ्या दिवशी गौतम पळाला तो उगीच नाही. पहिल्या दिवशी रत्ना त्याच्यामागून दोन गाण्यांत म्हणाली होती. मला तो आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी ती माईकसमोर उभी राहिली तेव्हा मी दारात जाऊन तिला थांबवलं आणि ऑपरेटरला तिचा माईक बंद करायला लावला. गौतमनं ते पाहिलं. नऊ वर्षं मी लोकांना ही गोष्ट सांगत आलो, पण एवढा तुकडा सोडून.

निघताना बॅटरी उतरलेली. गाडी चालू होईना. शेजारच्या फडातली ऊसतोड्यांची टोळी ढकलायला आली. त्यातली एक बाई म्हणाली, "गानी आयकून गाडीलाबी झोप लागली जनू!" सगळे हसले. मीही हसलो असतो, एरवी.

दौंड

भीमा ओलांडून वरवंडला चहा घेतला आणि सोलापूर रस्त्यानं कुरकुंभला आलो. तिथली हवा नाकाला आधी समजते, बोर्ड नंतर दिसतो. शिफ्ट सुटत होती. हेल्मेट हातात घेऊन निघालेल्या एका बिहारी कामगाराला मी गौतमचा पत्ता विचारला.

"वो गिटारवाला? खाने की छुट्टी में गेट पे गाता था, भाई. हमारे गाँव का नाम डाल के भी एक गाया था." मग त्यानं स्वतःच्या गळ्यावर बोट आडवं फिरवलं. "अब नहीं गाता."

दौंडला रुळांच्या पलीकडच्या वस्तीत घर सापडलं. दारात गौतमची आई बसली होती. कोळशाच्या गाण्यातली ती हीच. इंजिनं कोळशाची राहिली नाहीत, पण तिच्या हातांच्या भेगांत काळं अजून होतं.

"या शेठ," ती म्हणाली. "आप्पाचा फोन आलाय. तुमी यायच्या आदी तुमची तक्रार आली."

आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली रत्नाचा हार घातलेला फोटो. चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली, हे मला तिथं कळलं. बाजूला खिळ्याला गिटार. गौतम कॉटवर बसला होता. मी ओळखलं नसतं. चाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. गळ्याभोवती पंचा, त्याच्याखाली ऑपरेशनचं भोक. कंपनीतल्या वाफेनं झालं की तंबाखूनं की नशिबानं, हे त्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. तो नुसत्या ओठांनी बोलायचा आणि आई ते आवाजात सांगायची. लेकाचे ओठ आणि म्हातारीचा खडा आवाज, सवय व्हायला जरा वेळ लागला.

मी मुंबईच्या माणसाबद्दल सांगितलं. उतरवून आणलेल्या कॅसेटी लावल्या. त्यानं सगळ्या ऐकल्या. शिलाई मशीनला मान हलवली, बकरीला हसला. ते हसणं म्हणजे पंच्याखालून आलेली नुसती हवा होती. मग बराच वेळ त्याचे ओठ हलले.

"त्यो म्हन्तोय," म्हातारी म्हणाली, "सही देतो. कुटंबी देतो. पैसं नको. फकस्त रत्नाचा टेप द्या. तुमच्या स्टुडिओत पयल्या दिशी तिनं म्हनलं व्हतं. त्यानंतर कवाच कुटं म्हनली न्हाई. घरात चुलीफुडंबी न्हाई." पुढचं तिचं स्वतःचं होतं. "सून माजी दळताना म्हनायची, आदी. तुमच्याकडनं आली आन् मुकीच झाली बया."

सौदा मी आयुष्यभर केला. समोरचा एकच वस्तू मागतो तेव्हा आपण जिंकलेलो असतो, हे मला माहीत आहे. मी म्हणालो, "आहे. गोदामात आहे."

गौतमनं माझा हात धरला.

खरं असं होतं: त्या काळी स्टुडिओची मोठी टेप महाग असायची. गाणं पडलं की तीच पुसून दुसऱ्याला वापरायची, सगळेच वापरायचे. गौतम पळाला त्याच आठवड्यात, रागाच्या भरात, मी त्याच्या तिन्ही टेपांवर लग्नाच्या बँडच्या धुना भरून टाकल्या होत्या. त्या मोठ्या टेपेला मोडायला पान नसतं.

पुणे, आणि पुन्हा दौंड

पुण्यात येऊन मी काय केलं ते लपवत नाही. माझ्याकडे कोरसला यायची त्या एका बाईला फोन केला. जुनाट, खरखरीत आवाजात दोन ओळी म्हणायच्या, बस्स. ती तयारही होती. चार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचा आवाज, तोही खराब टेपेवर, कोण ओळखणार?

कुठल्या गाण्याच्या ओळी द्यायच्या ते जुन्या कागदांत बघावं म्हणून गोदामात शिरलो. पहिल्या दोन टेपा कधीच भंगारात गेल्या होत्या. तिसऱ्या दिवसाची राहिली होती. ती माझ्या जुन्या ऑपरेटरकडे नेऊन मशीनवर चढवली. अपेक्षा काहीच नव्हती. बँड सुरू व्हायच्या आधी सात-आठ सेकंद कोरी असायला हवी होती. ती कोरी नव्हती. आम्ही बँड भरताना थोडं पुढून सुरुवात केली होती, आणि मागचं तेवढं पुसायचं राहून गेलं होतं.

गिटारीची एक तार वाजली. बाई खाकरली. मग म्हणाली, "आता म्हनू का?"

आणि त्याच्यावर माझा आवाज, दारातून, चांगला ठणठणीत: "थांबा बाई, तुमचं नको."

मग बँड.

ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. मी त्याला ब्लेड मागितलं. माझा आवाज होता तेवढी पट्टी मापून कापली, बँडही कापला. उरलं ते एका कोऱ्या कॅसेटवर घेतलं आणि कॅसेटची दोन्ही पानं मोडली. कोरसवाल्या बाईला नको म्हणून कळवलं. तेवढ्यावर मला मी फार प्रामाणिक वाटलो. सबंध रस्ताभर वाटत होतो.

आठ दिवसांनी दौंडला पोचलो तेव्हा दुपार होती. वस्तीत मासे तळल्याचा वास सुटला होता. म्हातारीनं जेवायला वाढलं, मी आधी काम म्हणालो. गौतमला सांगितलं की टेप खराब झाली, एवढंच वाचलं. हे अर्धं तरी खरं होतं.

त्यानं कॅसेट स्वतःच्या हातानं टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

तार. खाकरणं. "आता म्हनू का?"

म्हातारी भाकरी थापत होती, तिचा हात तसाच राहिला. "बया," ती म्हणाली. एवढंच.

गौतमनं मागं घेतलं, परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग माझ्याकडे वळून ओठ हलवले.

"त्यो म्हन्तोय, हिच्याम्होरं तुमी बोलला व्हता. त्ये कुटं गेलं?"

मी आयुष्यात बऱ्याच जणांना बरंच काही सांगून वेळ मारून नेली आहे. "कापलं," मी म्हणालो.

"आन् बाकीचं? पयल्या दिसाचं?"

"पुसलं. त्याच आठवड्यात."

मला वाटलं आता तो ओरडेल. मग आठवलं, तो ओरडू शकत नाही. मीच त्याच्या वतीनं ओरडावं असं काहीसं मनात आलं. जेवणाच्या सुट्टीत न सांगता उठून जातात का, असंही, खरं सांगतो, त्याच क्षणी मनात आलं. राग इतका जुना झाला की तो कशावर आहे हे त्याला कळत नाही.

गौतम ओरडला नाही. त्यानं कॅसेट मागं घेतली आणि बटण दाबलं. तार, खाकरणं, "आता म्हनू का?" आणि तो माझ्याकडे बघत राहिला. पुढं नुसती कोरी टेप सरकत होती. त्यानं परत मागं घेतलं. परत तेच. परत माझ्याकडे बघणं. तिसऱ्या का चौथ्या वेळी तो काय मागतोय ते मला समजलं.

ती म्हणाली, "आता म्हनू का?"

"म्हणा," मी म्हणालो.

या वेळी त्यानं बटणाला हात लावला नाही. म्हातारीनं चुलीतलं जळण मागं ओढलं आणि पदराला हात पुसून जवळ येऊन बसली. सहीचा कागद माझ्या खिशात होता, तो मी काढला नाही. कोऱ्या टेपेचा सूं सूं आवाज तेवढा खोलीत होता. आम्ही तिघं तो ऐकत बसलो. साठ मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू संपून बटण आपोआप वर यायला अर्धा तास लागतो.